मागे उभा राहणारा माणूस

आरटीओच्या निरीक्षक मॅडम चारला येईन म्हणाल्या होत्या आणि बरोबर चारला आल्या. सरकारी माणूस सांगितल्या वेळेवर हजर झाला, तर घाबरायला तेवढं कारण पुरेसं आहे. धाकटा सकाळपासूनच घाबरलेला होता. सकाळी क्रेननं अपघातातली ती पिकअप आणि तिच्यामागचा बर्फाचा ट्रेलर दुकानापुढच्या मोकळ्या जागेत आणून सोडला होता आणि राखणीला एक हवालदार बसवला होता. हवालदार दिवसभर खुर्चीत बसून दात कोरत होता आणि कुणी ट्रेलरकडे नुसतं पाहिलं तरी खाकरत होता.

दुकान दोघा भावांचं, गाड्यांच्या वायरिंगचं. वर पत्रा, खाली तेलानं काळी झालेली फरशी, भिंतीवर रंगीत वायरींची भेंडोळी, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. थोरला साठीला टेकलेला, धाकटा चव्वेचाळीसचा. मध्ये सोळा वर्षांचं अंतर. वडील गेले तेव्हा धाकटा पहिलीत होता. त्याला शाळेत सोडण्यापासून त्याच्या हातात पहिली पक्कड देण्यापर्यंत सगळं थोरल्यानं केलं. थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणायची, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. धाकट्याला या वयातही सगळे धाकटाच म्हणायचे आणि त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. तोंड उघडून काही बोलायची सवयच नव्हती त्याला, आणि खरं सांगायचं तर सगळं त्यातूनच झालं.

झालं ते असं. नऊ दिवसांपूर्वी बर्फाच्या कारखान्याच्या मालकानं एक जुना ट्रेलर विकत घेतला आणि त्याची वायरिंग नव्यानं करायला इथं पाठवला. भावांनी काम करून दिलं. तीन दिवसांनी, दिवेलागणीच्या सुमाराला, कारखान्याच्या ड्रायव्हरनं एका वळणाच्या अलीकडे ब्रेक मारला आणि मागून स्कूटरवर येणारी पोस्टातली बाई सरळ ट्रेलरवर आदळली. जागच्या जागी गेली. तिच्या मागून येणाऱ्या दोघांनी पोलिसांना सांगितलं की ब्रेकचा दिवा लागलाच नाही, उलट जो काही लाल उजेड होता तोही गेला. तेव्हापासून ड्रायव्हरचं काही खरं नव्हतं. मालकानं केव्हाच अंग काढून घेतलं होतं. मी वायरिंग पक्की करून घेतली होती, हाच रोज पाइप मारून ट्रेलर धुतो, यानंच काहीतरी उचकटलं असणार, असं त्यानं सहीनिशी लिहून दिलं होतं. आता मॅडमच्या अहवालात दोष कामाचा निघाला तर ड्रायव्हर सुटणार होता आणि ड्रायव्हरचा निघाला तर तो आत जाणार होता. तोही आलेला होता. फाटकाच्या खांबाला टेकून उभा होता आणि सहा दिवसांची दाढी वाढलेल्या तोंडानं एकदा मॅडमकडे, एकदा दादाकडे बघत होता.

मॅडमनी पर्स हवालदाराच्या खुर्चीवर ठेवली, त्यामुळे हवालदाराला उभं राहावं लागलं. "तुम्हीच काम केलंय, तुम्हीच माझ्यासमोर उघडून दाखवा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे वायरिंगचा माणूस नाही. पण मला कळत नाही असं समजू नका."

"छे हो मॅडम," दादा म्हणाला. "आपल्या कामात लपवण्यासारखं काही नसतंच. धाकट्या, दिवा आण."

दादाचा आवाज असा खणखणीत होता की धाकट्याला तो ऐकवेना. त्याला माहीत असलेली एक गोष्ट दादाला माहीत नव्हती, म्हणजे धाकट्याला ती माहीत आहे हे दादाला माहीत नव्हतं. ती गोष्ट सांगायची तर आधी दुकानाची पद्धत सांगायला हवी.

कुठल्याही गाडीची वायरिंग झाली की हे दोघं भाऊ ती मिळून तपासायचे. धाकटा गाडीत बसायचा आणि एकेक बटण, पेडल दाबायचा. दादा मागे उभा राहून दिवा बघायचा आणि ओरडायचा, "लागला!" डावा, लागला. उजवा, लागला. ब्रेक, लागला. शेवटची तपासणी सगळ्यांत महत्त्वाची: गाडीचे दिवे आधी चालू करायचे आणि मग ब्रेक दाबायचा. मागचा लाल दिवा पेटलेला असतोच, तो ब्रेकबरोबर भगभगीत झाला पाहिजे. तो फरक डोळ्यांनी टिपायचा आणि ओरडायचं, "वाढला!" ही तपासणी दादानंच घालून दिलेली. तो सांगायचा की एकेक दिवा लावून पाहिला तर सडकी वायरिंगसुद्धा शहाण्यासारखी वागते, दोन कामं एकदम सांगितली की तिचं पितळ उघडं पडतं. मागे उभं राहायचं काम कायम दादाचं. दुकानात कुणाचा शब्द शेवटचा, ते त्यावरून ठरायचं.

आणि दादाला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आंधळा नव्हता, रस्त्यानं चालायचा, माणसं ओळखायचा, वर्तमानपत्र उघडून बसायचा. पण बारीक असं काही दिसत नव्हतं आणि लख्ख उजेडात तर समोर सगळं दूध सांडल्यासारखं होत असणार. धाकट्याला ते दोन वर्षांपूर्वी कळलं. एका टेम्पोचा ब्रेकचा बल्ब मुळात उडालेला होता, आणि धाकट्यानं पेडल दाबल्यावर मागून खणखणीत आवाज आला, "लागला!" आधी त्याला वाटलं, दादा थट्टा करतोय. मग लक्षात आलं की दादा पेडलखालच्या स्विचची टक ऐकतो आणि ओरडतो. चाळीस वर्षं जे बरोबर निघालं ते आजही बरोबरच असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं असेल. धाकट्यानं काय केलं, तर गुपचूप जाऊन बल्ब बदलला.

त्या दिवसापासून तो प्रत्येक गाडी दोनदा तपासायला लागला. एकदा दादाबरोबर, दादाचा मान राखायला. आणि दादा दुपारी घरी जेवायला गेला की पुन्हा एकट्यानं: सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी फळी अडकवायची, पळत मागे जायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. काळी आणि तपकिरी वायर दादाच्या हातात एकदम पडू नये म्हणून भेंडोळीही वेगळ्या भिंतींवर टांगली. वहिनीलाही कळलं होतं. स्वयंपाकघरात ती हलक्या आवाजात म्हणायची, "भावोजी, तुम्ही सांगा ना त्यांना, तुमचं ऐकतील." धाकटा म्हणायचा, "वहिनी, तुम्हीच सांगा, तुमच्यावर चिडणार नाही." असं दोघांनी ते एकमेकांकडे ढकलत दोन वर्षं काढली. वीस मिनिटांचं ऑपरेशन. दोघांनाही ठाऊक होतं.

बर्फाच्या ट्रेलरच्या दिवशी मालक स्वतः आला होता आणि फाटकात गाडी लावून सारखा हॉर्न वाजवत होता. कारखान्यात माल भरून तयार होता, बर्फ काही कुणासाठी थांबत नाही. भर दुपार, डोक्यावर ऊन. दादा मागे उभा राहिला, सगळं लागलं, शेवटी वाढलाही. मालकानं किल्लीसाठी हात पुढे केला आणि धाकट्यानं ती दिली. दादा जेवायला जायच्या आत ट्रेलर गल्लीबाहेर गेला होता. त्या एका दिवशी फळी काही पेडलवर लागली नाही.

म्हणून आता टेस्टलॅम्प हातात घेताना त्यानं दादाकडे पाहिलं नाही. टेस्टलॅम्प म्हणजे काही विशेष नाही, एक छोटा बल्ब, एका बाजूला टोचायची सुई, दुसऱ्या बाजूला चिमटा. त्यानं पिकअपपासून सुरुवात केली. फ्यूज शाबूत. मागचं, ट्रेलरचा प्लग बसतो ते सात पिनांचं सॉकेट उघडलं, चिमटा पिकअपच्या लोखंडी सांगाड्याला लावला आणि मॅडमना पेडल दाबायला सांगितलं. ब्रेकच्या पिनेला सुई लावताच बल्ब झळकला.

"म्हणजे गाडीतून करंट येतोय," मॅडम खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाल्या.

"येतोय."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, गाडी ठीक म्हणजे आपण गेलो. धाकट्याला त्याची कीव आली, पण सांगणार काय? त्यानं ट्रेलरचा प्लग तपासला, त्यातून मागे गेलेली वायर तपासली. चिमटा अजून पिकअपलाच होता, आणि दर ठिकाणी बल्ब झळकत होता. मग त्यानं चिमटा काढला आणि ट्रेलरच्या सांगाड्याला लावला. पुन्हा सुई टोचली. बल्ब मेलेला.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"करंट जातोय, पण त्याला परत यायला वाट नाही. ट्रेलरचं अर्थिंग तुटलंय."

मागचा डावा दिवा अपघातात फुटला होता, उजवा धड होता. धाकट्यानं एक लांब वायर घेतली, एक टोक पिकअपच्या बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरं ट्रेलरच्या सांगाड्यावर, जिथं अपघातात रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं तिथं लावलं. मॅडमनी पेडल दाबलं आणि उजवा दिवा असा भडकला की हवालदारानं दात कोरायचं थांबवलं. एका वायरीचा प्रश्न होता. तेवढी वायर धड असती तर पोस्टातली बाई आज खिडकीमागे बसून कुणाला तरी सुट्टे नाहीत म्हणून ओरडत असती.

"अर्थिंग कुठं जोडलंय?" मॅडमनी विचारलं.

"पुढच्या दांड्याच्या खालच्या अंगाला. एकच बोल्ट आहे."

धाकटा उताणा होऊन ट्रेलरखाली सरकला. मॅडम गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी टॉर्च धरला. बोल्ट घट्ट होता. त्यानं पाना लावून तो काढला, वायरच्या टोकाची गोल कडी बाजूला केली, आणि कडीखाली निळा रंग दिसला. गुळगुळीत, जाड, एक ओरखडा नसलेला. रंगावर कडी आवळली तर ती लोखंडाला लागणार कशी? जो काही थोडा करंट परत येत होता तो ट्रेलर जिथं पिकअपला अडकतो त्या लोखंडी गोळ्यातून येत होता, आणि तिथं ग्रीस. तेवढ्यावर मंद दिवा कसाबसा लागायचा, त्याहून जास्त काही पेलायचं नाही.

"हा बोल्ट कुणी बसवला होता?"

"मी," दादा वरून म्हणाला. "अर्थिंगचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही मॅडम. रंग खरवडायचा, लोखंड चकचकीत करायचं, मग कडी बसवायची. यालासुद्धा मीच शिकवलंय."

"मग कडीखाली रंग आहे तो कसा?"

"रंग?" दादा वाकला, पण तिथं वाकून त्याला काय दिसणार होतं. "शक्यच नाही. मी स्वतः कानसीनं खरवडलंय. कुणीतरी बोल्ट उघडून दुसरीकडे लावला असणार."

बोलताना त्याच्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. सगळ्यांच्या माना ड्रायव्हरकडे वळल्या.

"दादा, काय बोलताय?" ड्रायव्हर खांब सोडून पुढे आला. "मी साधा बल्बसुद्धा स्वतः बदलत नाही, तुमच्याकडे घेऊन येतो. तुम्हाला ठाऊक आहे. मी कशाला खाली शिरून बोल्ट उघडू?"

"मग तो काय आपोआप उघडला?" दादा म्हणाला.

मॅडमनी टॉर्च धाकट्याच्या तोंडावर आणला. "तुम्हाला काय वाटतं? दुसऱ्यानं उघडल्यासारखा दिसतोय?"

धाकट्याचा अंगठा बोल्टच्या भोकाशेजारच्या चिखलावर होता आणि तो चिखल सुटत होता. खाली दोन बोटांच्या अंतरावर रंग खरवडलेली जागा होती. नीट, गोल, रुपयाएवढी. दादाच्या हातची, कानस गोल फिरवायची त्याची ढब धाकट्याला पाठ होती. नऊ दिवसांत तिच्यावर तांबूस गंज धरला होता. दादानं खरवडलं होतं, मनापासून खरवडलं होतं, फक्त भोकाच्या शेजारी. मग बोटांनी चाचपून भोक शोधलं होतं आणि बोल्ट आवळून टाकला होता.

हे फक्त त्याला दिसत होतं. अंगठा तिथंच ठेवला, चिखल जरा परत चोपडला आणि "हो मॅडम, उघडल्यासारखा वाटतो" एवढं म्हटलं की झालं. दादा घरी जाऊन जेवेल, ड्रायव्हर आत जाईल. ज्या माणसानं शाळेची फी भरायला स्वतःचं लग्न चार वर्षं पुढं ढकललं त्याच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे, असं त्याच्या मनात आलं. नुसतं आलं नाही, चांगलं ठाण मांडून बसलं. दुसऱ्या बाजूला ड्रायव्हरच्या चपला दिसत होत्या. एकीचा अंगठा तुटलेला होता आणि तो तारेनं बांधला होता.

"अहो, विचारतेय मी," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, असं खालून नाही सांगता येत," धाकटा म्हणाला. "बोल्ट होता तसा लावतो. आम्ही त्या दिवशी जसं तपासलं होतं, तसंच एकदा करून दाखवतो. तुम्ही मागे उभ्या राहा."

तोंडानं सांगायची छाती झाली नाही त्याची, म्हणून त्यानं हे केलं. कडी पुन्हा रंगावर ठेवली, बोल्ट आवळला. बाहेर येऊन बॅटरीची लांब वायर काढून गुंडाळली. प्रत्येक गोष्ट त्यानं स्वतःच्या हातानं केली, हे लक्षात ठेवायला हवं. दादा तर खूश होता. शर्ट खाली ओढत तो ट्रेलरच्या मागे जाऊन उभा राहिला, मॅडमना म्हणाला, "इथं या, इथून नीट दिसतं." ड्रायव्हर आणि हवालदारही तिकडे गेले.

धाकटा पिकअपमध्ये बसला. दिवस कलला होता, त्यानं दिवे चालू केले. बाजूच्या आरशात ट्रेलरच्या उजव्या कोपऱ्याशी उभे चौघंजण दिसत होते. उजव्या दिव्याचा मंद लाल उजेड दादाच्या पांढऱ्या शर्टावर पडला होता. त्याला वाटलं, पेडल दाबूच नये. उतरून सांगावं की काही नाही, चला घरी. मग त्यानं दाबलं.

टक झालं. दादाच्या शर्टावरचा लाल उजेड नाहीसा झाला.

"वाढला!" दादा ओरडला.

मॅडमनी दिव्याकडून मान वळवून दादाकडे पाहिलं. दादा पुन्हा म्हणाला, "वाढला रे! झालं, मॅडमनी बघितलंय."

"दादा," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज फार हळू होता, त्यात राग नव्हता. "विझला तो."

दादा हसला. मग त्यानं मॅडमकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं. दोन्ही हातांची ओंजळ दिव्याभोवती धरून तो इतका वाकला की नाक काचेला टेकलं. "परत दाब," तो म्हणाला. धाकट्यानं दाबलं. "सोड. परत दाब." धाकट्यानं पुन्हा दाबलं. या वेळी मागून आवाज आला नाही.

मॅडमनी वही उघडली. "त्या दिवशी इथं कोण उभं होतं?"

"मीच," दादा म्हणाला. "मीच ओरडलो, वाढला म्हणून." तो अजून वाकलेलाच होता. "मला वाटलं, वाढला."

धाकटा गाडीतून उतरला आणि दारापाशीच थांबला. "मॅडम, त्याला नका विचारू. त्याला दिसत नाही, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. मी नंतर परत तपासायचो. त्या दिवशी तपासलं नाही. त्या बोल्टशेजारी चिखलाखाली बघा, त्यानं रंग खरवडलाय, जागा चुकली आहे. ड्रायव्हरनं कशालाही हात लावलेला नाही."

मॅडम टॉर्च घेऊन पुन्हा खाली वाकल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. ड्रायव्हर होता तिथंच मातीत बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. त्याला सुटल्याचा आनंद झाला असेल, पण तसं काही दिसलं नाही.

दादा ट्रेलरच्या कडेनं चालत आला. एक हात पत्र्यावरून सरकवत, वाट माहीत असलेल्या अंगणात वाट शोधत. धाकट्यासमोर येऊन थांबला. धाकट्याला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दोन वर्षं?"

"हो."

"तरी मला मागे उभं करत होतास?"

"तुला वाईट वाटलं असतं, दादा."

"वाटलंच असतं," दादा म्हणाला. "चिडलो असतो तुझ्यावर. चार दिवस बोललो नसतो, एखादे दिवशी जेवलो नसतो. मग तुझ्या वहिनीनं मला ओढत दवाखान्यात नेलं असतं." त्यानं बाहीनं डोळे पुसले, पुन्हा पुसले, जणू त्यानं काही फरक पडणार होता. "एवढंच झालं असतं रे. बाई मेली ना ती."

मॅडम ट्रेलरखालून बाहेर आल्या, हात झटकले आणि दोघांची पूर्ण नावं विचारली. दादानं आपलं सांगितलं. मग त्यानं धाकट्याचंही सांगितलं, लहानपणी शाळेत सांगायचा तसं.